विश्लेषण : जहाजावर पाऊल न ठेवता समुद्राच्या तळाची दरी कशी सापडली? मेरी थार्प यांचे काम नेमके काय होते?

अमेरिकी नौदलाचे एक समुद्र-सर्वेक्षण जहाज २०२३ पर्यंत मॅथ्यू फाँटेन मॉरी यांच्या नावाने ओळखले जात होते. मॉरी हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत समुद्र अभ्यासक. मात्र अमेरिकेतील यादवी युद्धात ते गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या बाजूने गेले. मार्च २०२३ मध्ये या जहाजाचे नाव बदलून ते ‘मेरी थार्प’ करण्याचा निर्णय जाहीर झाला. विशेष म्हणजे थार्प यांना उमेदीच्या काळात संशोधन जहाजावर चढण्याचीही परवानगी नव्हती. इतरांनी समुद्रावरून आणलेले आकडे त्या किनाऱ्यावर, टेबलाशी बसून कागदावर मांडत होत्या. याच कामातून विसाव्या शतकातील भूगर्भशास्त्राला कलाटणी देणारा पुरावा हाती आला. हे कसे घडले आणि त्यांना श्रेय मिळायला इतका उशीर का झाला, याचा आढावा.

मेरी थार्प कोण होत्या?

मेरी थार्प यांचा जन्म ३० जुलै १९२० रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी झाला. वडील विल्यम थार्प हे कृषी खात्यात मृदा सर्वेक्षक. गावोगावच्या जमिनीचा पोत तपासायचा आणि त्याचे नकाशे करायचे, हे त्यांचे काम. आई बर्था या जर्मन आणि लॅटिनच्या शिक्षिका. वडिलांच्या कामामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड सतत हलत असे. त्यामुळे शालेय शिक्षण संपेपर्यंत मेरी यांनी दीड डझनाच्या आसपास शाळा पाहिल्या. वडिलांसोबत शेतात फिरताना, समोरची जमीन कागदावर कशी उतरते हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. वडील निवृत्तीनंतर ओहायो राज्यात शेती करू लागले. मेरी किशोरवयात असतानाच आईचे निधन झाले.

ओहायो विद्यापीठातून १९४३ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विषय होते इंग्रजी आणि संगीत. त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे शिक्षिका, परिचारिका किंवा सचिव असे मोजकेच पर्याय असत. मात्र दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. तरुण मुले सैन्यात गेली, वर्ग ओस पडले आणि मिशिगन विद्यापीठाने भूगर्भशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे दार मुलींना उघडले. थार्प यांनी ही संधी घेतली आणि तेल भूगर्भशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

नकाशाच्या टेबलापर्यंत त्या कशा पोहोचल्या?

पहिली नोकरी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे, एका तेल कंपनीत मिळाली. तिथे महिलांना प्रत्यक्ष शोधमोहिमेवर पाठवले जात नसे. पुरुष भूगर्भशास्त्रज्ञ रानावनात फिरणार आणि थार्प त्यांच्यासाठी कार्यालयात नकाशे व आकडेवारी लावून ठेवणार, अशी कामाची वाटणी होती. हे काम करता करताच त्यांनी टल्सा विद्यापीठातून गणिताची पदवी मिळवली.

१९४८ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या आणि कोलंबिया विद्यापीठात मॉरिस युइंग यांच्याकडे काम मागितले. युइंग हे समुद्रतळाच्या भूभौतिकीय अभ्यासातील मोठे नाव. इंग्रजी, संगीत, भूगर्भशास्त्र आणि गणित असे शिकलेल्या या तरुणीला नेमके कुठे बसवावे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. शेवटी आराखडे काढता येतात का, एवढीच चौकशी झाली आणि थार्प यांना आकडेमोड व आराखड्यांचे काम मिळाले. पुढच्याच वर्षी हडसन नदीकाठी पॅलिसेड्स येथे लॅमाँट भूगर्भ वेधशाळा सुरू झाली. एका धनाढ्य कुटुंबाने दान दिलेल्या मालमत्तेत ही वेधशाळा उभी राहिली. तिथे थार्प यांची गाठ ब्रूस हीझेन या तरुण संशोधकाशी पडली. पुढची जवळपास पाव शतके दोघांनी एकत्र काम केले. हीझेन समुद्रावर जाऊन नोंदी आणत, थार्प त्या नोंदींचा नकाशा करत.

त्या वेळी समुद्राच्या तळाबद्दल काय माहिती होती?

फारच थोडी. पूर्वी खोली मोजण्याचा मार्ग एकच होता : दोरीला जड वजन बांधून पाण्यात सोडायचे आणि ते तळाला टेकेपर्यंत किती दोरी गेली ते मोजायचे. कोकणातले मच्छीमार ज्याला वाव म्हणतात, तेच साधारण सहा फुटांचे माप इंग्रजी नकाशांतही वापरले जाई. खोल समुद्रात अशी एक मोजणी करायला काही तास लागत. ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून अशा काहीशे मोजण्या केल्या. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी तळ उंचावलेला आहे, हे त्यातून दिसले. पण त्याचा आकार कुणालाच सांगता येत नव्हता.

विसाव्या शतकात प्रतिध्वनी यंत्र आले. जहाजावरून ध्वनी सोडायचा, तो तळावर आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. म्हणजे प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला, तर तळ साधारण तीन हजार मीटर खाली. जर्मनीच्या ‘मेटेओर’ जहाजाने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये अशा हजारो मोजण्या केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर जहाज चालू असताना खोलीची सलग रेघ कागदाच्या गुंडाळीवर उमटवणारी यंत्रे आली. आता आकड्यांचा तुटवडा उरला नाही, पण ते लावणार कोण, हा प्रश्न उभा राहिला.

सहा रेषांमध्ये थार्प यांना काय दिसले?

१९५२ मध्ये हीझेन यांनी उत्तर अटलांटिकमधील खोलीच्या नोंदींचा ढीग थार्प यांच्या टेबलावर ठेवला. ‘अटलांटिस’ आणि इतर जहाजांनी काही वर्षांत जमवलेली ही माहिती होती. काम ऐकायला सोपे, करायला किचकट. प्रत्येक नोंद कोणत्या वेळी घेतली, त्या वेळी जहाज नेमके कुठे होते, वेगवेगळ्या फेऱ्यांतील आकडे एकमेकांशी जुळतात का, हे तपासायचे. उपग्रहांवरून जागा कळण्याचा तो काळ नव्हता. जहाजाचे ठिकाण सूर्य-ताऱ्यांवरून किंवा रेडिओच्या साहाय्याने ठरवले जाई आणि त्यात चूक राहण्याची शक्यता असे.

हे सगळे निस्तरून थार्प यांनी अटलांटिक आडवा ओलांडणारे, जवळपास समांतर असे सहा उभे छेद तयार केले. तळाचे चढउतार डोळ्यांना दिसावेत म्हणून उंची ४० पट वाढवून दाखवली. छेद एकाखाली एक ठेवल्यावर मधली पर्वतरांग प्रत्येकात दिसली. ती अपेक्षितच होती. पण रांगेच्या माथ्यावर, जिथे शिखर असायला हवे तिथे, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होती. डोंगरांची शिखरे एका छेदातून दुसऱ्या छेदात जुळत नव्हती. ही खाच मात्र ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येत होती. एका जागचा खड्डा अशा रीतीने शेकडो किलोमीटर दूरच्या छेदात दिसणार नाही. ही एकच लांबलचक दरी असली पाहिजे, असा निष्कर्ष थार्प यांनी काढला. जमीन दोन्हीकडे ताणली गेली की मधला भाग खाली बसतो आणि अशी दरी तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात तिला खचदरी म्हणतात. पूर्व आफ्रिकेत अशी दरी जमिनीवर पाहायला मिळते.

हा निष्कर्ष इतका वादग्रस्त का ठरला?

कारण त्याचा अर्थ असा होत होता की अटलांटिकचा तळ मधोमध फाटून दोन्ही बाजूंना सरकत आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली होती. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर दूर गेले, असे त्यांचे म्हणणे. पण एवढे प्रचंड खंड कशाच्या बळावर सरकतील, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नव्हते. विशेषतः अमेरिकेत या कल्पनेची टर उडवली जाई आणि तिला पाठिंबा देणे म्हणजे स्वतःची कारकीर्द धोक्यात घालणे, असे वातावरण होते.

हीझेन यांनीही थार्प यांचे म्हणणे सुरुवातीला बायकी गप्पा ठरवून झटकून टाकले. ही दरी खरी मानली तर ते खंडवहनासारखे होईल, हेच त्यांचे मुख्य दुखणे होते. थार्प यांनी वाद घालत बसण्याऐवजी नकाशा पुढे नेला. अधिक आकडे आणि अधिक छेद आले, तरी दरी जागेवरच राहिली. त्यांना हीझेन यांचे मन वळवायला जवळपास वर्ष लागले.

पुरावा अनपेक्षितपणे कुठून मिळाला?

शेजारच्या टेबलावरून. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेला समुद्राखालून टेलिफोनच्या तारा टाकायच्या होत्या. समुद्राखालील भूकंप आणि त्यानंतर घसरणारा गाळ तारा तोडतो, हे १९२९ च्या ग्रँड बँक्स भूकंपाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले होते. म्हणून भूकंपांच्या केंद्रांचा नकाशा हवा होता. हीझेन यांनी हे काम हॉवर्ड फॉस्टर या चित्रकलेच्या पदवीधराला दिले. फॉस्टर यांना ऐकू येत नसे. त्यांनी भूकंपांच्या हजारो नोंदी एकेक करून नकाशावर टिंबांच्या रूपात उतरवल्या.

दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात काढायचे, असे ठरले होते. हीच बाब निर्णायक ठरली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक नकाशा ठेवला, तेव्हा भूकंपांची टिंबे थार्प यांच्या दरीतच ओळीने बसली. वेगळ्या लोकांनी, वेगळ्या साधनांनी, वेगळ्या कारणासाठी जमवलेली माहिती एकाच जागेकडे बोट दाखवत होती. मग याच सूत्राने शोध पुढे सरकला. ज्या समुद्रात खोलीच्या नोंदी विरळ होत्या, तिथे भूकंपांच्या ओळीवरून दरी कुठे असेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. हिंदी महासागर, एडनचे आखात, पूर्व आफ्रिका अशी ही ओळ पुढे जात होती. जगाभोवती चेंडूच्या शिवणीसारखी फिरणारी ही एकच पर्वतरांग असून तिची लांबी सुमारे ६४ हजार किलोमीटर आहे, असे चित्र उभे राहिले.

मग श्रेय कुणाला मिळाले?

१९५६ मध्ये युइंग आणि हीझेन यांनी ही पृथ्वीला वेढणारी रांग आणि तिच्या माथ्यावरील दरी शास्त्रज्ञांपुढे मांडली. त्या मांडणीत थार्प यांचे नाव नव्हते. त्यांच्या कामावर आधारलेल्या त्या काळातील इतर महत्त्वाच्या लेखांतही ते सहसा दिसत नाही. १९५७ मध्ये हीझेन यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानानंतर तेथील प्राध्यापक हॅरी हेस यांनी, या शोधाने भूगर्भशास्त्राचा पाया हलला आहे, अशा आशयाची दाद दिली. ती हीझेन यांच्या वाट्याला आली. पुढे १९५९ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र हीझेन आणि युइंग यांच्यासोबत थार्प यांचेही नाव लेखक म्हणून छापले गेले.

याचे एक कारण स्त्री असणे, हे उघडच आहे. महिलांनी जहाजावर जाणे अपशकुनी मानणारे आणि ते गैरसोयीचे असल्याचे सांगणारे नियम तेव्हा सर्रास होते. थार्प प्रत्यक्ष सर्वेक्षणासाठी समुद्रावर गेल्या त्या थेट साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. पण दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. समुद्रावर जाऊन माहिती आणणे म्हणजे संशोधन आणि ती तपासणे, लावणे, जपणे म्हणजे कारकुनी, अशी समजूत विज्ञानात खोलवर रुजलेली होती. फॉस्टर पुरुष होते, तरी त्यांचे नाव आज थार्प यांच्या चरित्रातच काय ते भेटते.

झाक कुस्तो यांनी कशाची खात्री करून घेतली?

१९५९ मध्ये न्यूयॉर्कला पहिली आंतरराष्ट्रीय समुद्रविज्ञान परिषद भरली. फ्रान्सचे प्रसिद्ध समुद्र संशोधक झाक कुस्तो आपल्या ‘कॅलिप्सो’ जहाजाने अटलांटिक ओलांडून तिथे आले. थार्प यांच्या दरीवर त्यांचा विश्वास नव्हता. ती नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी कॅमेरा बसवलेली घसरगाडी तळाजवळून ओढत नेली. कॅमेऱ्यात दरीच आली. काळे कडे आणि त्यांच्यावर साचलेला गाळ यांची चित्रफीत त्यांनी परिषदेत दाखवली. त्यानंतर अनेकांचा विरोध मावळला.

१९६२ मध्ये हेस यांनी समुद्रतळ प्रसरणाची कल्पना मांडली : मधल्या दरीतून तप्त खडक वर येतो, नवा तळ बनतो आणि जुना दोन्ही बाजूंना सरकतो. पुढच्याच वर्षी तळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांवरून तिला आधार मिळाला. साठचे दशक संपेपर्यंत भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य झाला. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. दरी खरी होती, पण तिचा अर्थ लावताना थार्प आणि हीझेन दीर्घकाळ दुसऱ्याच वाटेने गेले. पृथ्वीच फुगत असल्यामुळे तळ फाटतो, असे हीझेन यांचे मत होते. हा अर्थ पुढे टिकला नाही. थार्प यांचा नकाशा मात्र टिकला, कारण तो एखाद्या सिद्धांतासाठी नव्हे, तर नोंदींवरून काढलेला होता.

गुप्ततेमुळे नकाशाचे रूप कसे बदलले?

शीतयुद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या दृष्टीने समुद्राची खोली ही लष्करी गुपिताची बाब होती. अमेरिकी नौदलाने समखोली रेषांचे तपशीलवार नकाशे प्रसिद्ध करण्यावर बंधन घातले. थार्प आणि हीझेन यांनी त्यातून मार्ग काढला. खोलीचे नेमके आकडे न देता, सगळे पाणी काढून टाकले आणि विमानातून तिरके पाहिले तर तळ कसा दिसेल, तसे चित्र काढायचे. डोंगर, मैदाने, कडे, दऱ्या असे सारे त्यात आले. या पद्धतीचा उत्तर अटलांटिकचा नकाशा १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या बंधनाचा एक चांगला परिणामही झाला. समखोली रेषा वाचायला सराव लागतो. हे चित्र मात्र शाळकरी मुलालाही कळत होते. समुद्राचा तळ म्हणजे सपाट, निर्जीव गाळ, ही समजूत त्याने पुसली. अर्थात जिथे नोंदीच नव्हत्या, तिथे आजूबाजूच्या भागावरून अंदाज बांधावा लागे. थार्प यांनी अशा मोठ्या मोकळ्या जागांपैकी एक नकाशाच्या सूचीने झाकली होती.

हिंदी महासागर आणि गोव्याशी याचा संबंध काय?

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनभराहून अधिक देश आणि सुमारे ४० जहाजे तिच्यात सहभागी होती. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाजही त्यात होते. तोवर हिंदी महासागर हा सर्वात कमी माहिती असलेल्या महासागरांपैकी एक होता. डॅनिश मोहिमेने शोधलेली कार्ल्सबर्ग रांग ठाऊक होती. पण ती पुढे कुठे जाते, याचे पूर्ण चित्र नव्हते. थार्प आणि हीझेन यांनी १९६४ मध्ये या महासागराच्या तळाचा नकाशा प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये त्याचेच रंगीत रूप ऑस्ट्रियाचे चित्रकार हाइन्रिश बेरान यांच्या कुंचल्यातून ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या वाचकांपर्यंत पोहोचले. अरबी समुद्रापलीकडून खाली येणारी आणि पुढे दोन फाट्यांत विभागणारी रांग त्यात स्पष्ट दिसते.

याच मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. संस्थेचे मुख्यालय आज गोव्यातील दोना पावला येथे आहे. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यात रमण, पणिक्कर आणि वाडिया या भारतीय शास्त्रज्ञांची नावे दिलेले डोंगर आहेत. भारतीय संशोधकांनी हा तळ मोजला, त्याची ही खूण.

लॅमाँटमधील वादात थार्प यांची नोकरी कशी गेली?

साठच्या दशकात युइंग आणि हीझेन यांचे बिनसले. वादाच्या मुळाशी मानापमान होताच, पण माहितीवर हक्क कुणाचा, हाही मुद्दा होता. लॅमाँटच्या जहाजांनी जमवलेल्या नोंदी हीझेन यांना मिळेनाशा झाल्या. हीझेन यांची प्राध्यापकी कायम स्वरूपाची असल्याने त्यांना काढणे शक्य नव्हते. थार्प यांना असे संरक्षण नव्हते. भांडण दोन पुरुषांचे, पण जागा गेली ती थार्प यांची.

त्या थांबल्या नाहीत. नौदलाच्या संशोधन निधीच्या आधारे त्यांनी साऊथ न्यॅक येथील आपल्या घरातून काम चालू ठेवले. घराचेच नकाशा कार्यालय झाले. सर्व महासागरांच्या नोंदी एकत्र आणून जगाच्या समुद्रतळाचा एकच नकाशा करायचा, हे उद्दिष्ट होते. चित्र पुन्हा बेरान यांचेच. हा नकाशा हातावेगळा होत असतानाच, जून १९७७ मध्ये आइसलँडजवळ एका संशोधन पाणबुडीत असताना हीझेन यांचे हृदयविकाराने निधन झाले. ते अवघे ५३ वर्षांचे होते. त्याच वर्षी नकाशा प्रसिद्ध झाला. आजही शाळांच्या भिंतींवर आणि पुस्तकांत पाण्याखालच्या पर्वतरांगांचे जे निळे चित्र दिसते, त्याचे मूळ बहुतेकदा तिथेच असते.

उशिरा का होईना, दखल कशी घेतली गेली?

१९७८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने थार्प आणि दिवंगत हीझेन यांना हबर्ड पदक दिले. थार्प १९८३ पर्यंत कोलंबिया विद्यापीठाशी निगडित राहिल्या. त्यानंतर त्या घरूनच नकाशांची विक्री व वितरण पाहत. या काळातील त्यांचे एक काम फारसे चर्चेत नसते. हीझेन यांच्या आणि स्वतःच्या नोंदी, आराखडे, कच्चे नकाशे त्यांनी नीट जपले आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवले. नकाशा कुठल्या आकड्यांवरून निघाला, हे पुढच्या कुणालाही तपासता यावे, अशी सोय त्यामुळे झाली. दोन वर्षांनी याच ग्रंथालयाने विसाव्या शतकातील चार थोर नकाशाकारांमध्ये त्यांची गणना केली. ज्या लॅमाँटने त्यांना दूर केले होते, त्याच संस्थेने २००१ मध्ये त्यांचा गौरव केला. २३ ऑगस्ट २००६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आपल्या वाट्याला आलेल्या वागणुकीबद्दल त्यांनी जाहीरपणे फार कडवटपणा दाखवला नाही. कोऱ्या कागदावर जगाचा तळ भरत जाण्याची संधी इतिहासात एकदाच मिळते आणि ती आपल्याला मिळाली, याचेच त्यांना समाधान होते.

आज हे काम कोण करते?

समुद्रतळाचा जागतिक नकाशा करण्याचा प्रकल्प मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये सुरू झाला. ‘गेब्को’ या नावाने तो आजही चालू आहे. २०१७ मध्ये ‘गेब्को’ आणि जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने २०३० पर्यंत संपूर्ण तळ मोजण्याची मोहीम हाती घेतली. तेव्हा आधुनिक पद्धतीने मोजलेला भाग सुमारे सहा टक्के होता. जून २०२५ मध्ये तो २७.३ टक्क्यांवर पोहोचला. उरलेल्या भागाचे आज दिसणारे चित्र मुख्यतः उपग्रहांच्या मोजणीवरून बांधलेला अंदाज आहे. त्यात मोठे डोंगर दिसतात, लहान निसटतात.

या त्रुटीची किंमत मोजावी लागते. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी ग्वामजवळ नकाशात नीट न दाखवलेल्या पाण्याखालच्या डोंगरावर आदळली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच ३७० हे विमान बेपत्ता झाले, तेव्हा दक्षिण हिंदी महासागरात शोध घेण्यापूर्वी तिथल्या तळाचाच नकाशा नव्याने करावा लागला. त्सुनामीची लाट किनाऱ्यावर कधी आणि किती उंचीने पोहोचेल, हे गणितही तळाच्या आकारावर अवलंबून असते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या इंटरनेटच्या समुद्री तारा टाकण्यापूर्वीही मार्गाचा तळ मोजावा लागतो. मोबाइलवर परदेशातून येणारा बहुतांश मजकूर अशाच तारांमधून येतो.

आता जहाजे एका वेळी शेकडो ध्वनिकिरण सोडून तळाचा रुंद पट्टा मोजतात. तरीही मूळ काम बदललेले नाही. पाण्याच्या तापमानानुसार ध्वनीचा वेग दुरुस्त करणे, चुकीचे आकडे बाजूला काढणे, दोन जहाजांच्या नोंदी जुळवणे, कोणता आकडा कुणी आणि कधी घेतला याची नोंद ठेवणे, हे सारे कुणाला तरी करावेच लागते. ‘गेब्को’च्या मोहिमेत अटलांटिक आणि हिंदी महासागराच्या नोंदी एकत्र करण्याची जबाबदारी ज्या केंद्राकडे आहे, ते लॅमाँटमध्येच आहे. तिथले तज्ज्ञ पडद्यावर जे करतात, तेच थार्प पेन, शाई आणि पट्टी घेऊन करत होत्या. फरक एवढाच, की आता अशा नकाशासोबत आकडे देणाऱ्यांची आणि ते लावणाऱ्यांचीही नावे नोंदवली जातात.